वाकड्या वाटेची सहल

४ नोव्हेंबर

मेसियास,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. तुझ्या त्या खिंडीत फोन लागत नाही, आणि लागला तरी तू उचलत नाहीस हे मला ठाऊक आहे. म्हणून दुधाच्या गाडीवाल्या अमाब्लेच्या हाती हे पाठवतेय. तो फोडून वाचणार नाही, त्याला वाचायचाच कंटाळा आहे.

काम आहे म्हणून लिहितेय. दुसरं काही नाही.

आपल्या नुबेने एक सहल आखायला घेतली आहे. आजवर ती दुसऱ्यांच्या गटांमागून खेचरं हाकायची, धबधब्यापाशी लोकांचे फोटो काढून द्यायची. या वेळी पहिल्यांदाच सगळं तिच्या एकटीच्या जिवावर आहे. राजधानीतल्या, किटोतल्या एका बाईने तिला सहा परदेशी गाठून दिलेत, डिसेंबरात येतील. ज्वालामुखी, धबधबे, डोंगरातली गावं, थोडं दोराला लटकणं, थोडं भिजणं, असं सगळं त्यांना एकाच खेपेत हवंय. चिंबोरासो डोंगराचा भाग तू करावास असं ती म्हणते. तिथलं बर्फ इतकं मागे सरलंय की जुन्या वाटेवर वरून दगड येतात, आणि नवी वाट तू शोधून ठेवली आहेस असं तिच्या कानावर आलंय. तिने स्वतः लिहिलं असतं, पण ती म्हणाली, "आई, तू लिही. तू लिहिलंस तर बाबा नाही म्हणणार नाहीत." मी म्हटलं, "मी लिहिलं तर तो पत्रानेच चूल पेटवील." तर हसली.

रस्ता मात्र तिने असा आखलाय की डोकं फिरतं. किलोतोआच्या तळ्यापासून सुरुवात, ते ठीक आहे. मग सुंबाहुआला मुक्काम, तिच्या धर्मआईच्या, पिएदादच्या घरी. तिथून पियारो. तिथून उलट वर तुझ्याकडे, आणि मग पुन्हा खाली बान्योसचे धबधबे करून शेवटी आपल्या घरी. कोतोपाक्सीचा ज्वालामुखी नाहीच! लोक अर्धं जग ओलांडून कोतोपाक्सी बघायला येतात आणि ही बया त्याला वळसा घालून चाललीय. मी विचारलं, "अगं, पियारोला काय आहे? जानेवारीत तिथे सैतानांचा नाच असतो, डिसेंबरात तिथे कुत्रंही नाचत नाही." म्हणाली, "तिथून डोंगर छान दिसतात." आपल्या देशात डोंगर कुठून दिसत नाहीत ते मला सांग. पण माझ्या आईचं थडगं पियारोला आहे. नात चार फुलं वाहून येईल, एवढ्यासाठी मी तोंड मिटलं.

तुला खरं सांगते, मला ही सहल व्हायला हवी आहे. आपल्या उतारावरची तरणी पोरं एकेक करून निघून गेली. ही सहल नीट झाली तर दुसरी मिळेल, मग तिसरी, आणि पोरगी इथेच पाय रोवेल. मला आता एवढंच हवंय. फार दमलेय मी.

हो किंवा नाही, अमाब्लेजवळ सांग. लांबलचक लिहू नकोस, तुझं अक्षर लागत नाही.

सोईला


१७ नोव्हेंबर

मेसियास,

तुझा निरोप पोचला. "येऊ देत" हे दोन शब्द अमाब्लेने मला इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितले की वाटलं पुढे काहीतरी असेल. मी वाट बघत उभी. तो म्हणाला, "संपलं, सोईलाबाई." तू काही बदलला नाहीस.

इथे स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलाय, आणि मी बटाटे मांडीवर घेऊन सोलते. नुबे पेन्सिल कानावर लावून फिरते. परदेश्यांपैकी एक बाई मांस खात नाही, एकाला उंचीवर डोकं दुखतं, एकाला विचारायचंय की गिनीपिग भाजताना तो ओरडतो का. नुबेने उत्तर पाठवलं, की आमच्याकडे आधी मारतात आणि मग भाजतात. पहिल्या दिवशी त्यांना फार चढवायचं नाही, दुसऱ्या दिवशी फार खाऊ घालायचं नाही, असं सगळं तिने ठरवलंय. सैतानाच्या कढईपाशी, म्हणजे मोठ्या धबधब्यापाशी, कड्याखालच्या भोकातून रांगत न्यायचं की नाही यावर आम्ही दोघी एक संध्याकाळ भांडलो. मी म्हटलं, "पैसे देऊन आलेल्या माणसाला रांगायला लावतेस?" म्हणाली, "आई, त्यासाठीच देतात."

घर जरा घरासारखं वाटतंय. रात्री तिचा आवाज ऐकू येतो, ती फोनवर इंग्रजी बोलायचा सराव करते. मी बाहेर खेचरांना चारा टाकता टाकता उगाच रेंगाळते. पूर्वी फाउस्तोही असाच कोपऱ्यात बसून मोठ्याने बोलायचा. त्याची खाट मी हलवलेली नाही, हे तुला उगाच सांगते आहे.

तुझ्याकडे थंडी फार असेल. एक लोकरी पांघरूण अमाब्लेबरोबर पाठवलंय. ते पाहुण्यांसाठी आहे.

सोईला


१ डिसेंबर

मेसियास,

हे पत्र वाचताना बसून घे.

परवा नुबे रस्त्याची पाहणी करायला निघाली. निघताना दारात माझ्यासमोर गुडघ्यावर बसली. मी रस्सा ढवळत होते, बस सुटायची वेळ झाली होती. म्हटलं, "हे काय आता, दोन दिवसांसाठी?" म्हणाली, "आई, आशीर्वाद दे." मी हातातल्या डावानेच हवेत क्रूस काढला. म्हटलं, "देव पाठीशी असो, ऊठ, बस जाईल." लांबच्या प्रवासाला निघताना आपल्याकडे जे करतात तेच तिने केलं, आणि मला वाटलं की पहिल्या मोठ्या कामाचा धसका घेतलाय पोरीने. मनात हसले सुद्धा.

काल पिएदादचा फोन आला. ती रडत होती. म्हणाली, "अगं सोईला, काय गुणाची पोर वाढवलीस! आधी माझे पाय धुतले आणि मग माझ्यासमोर गुडघ्यावर बसली. मी डोक्यावर हात ठेवला. पण दोन वर्षं ग! एवढ्या लांब! तुझं काळीज कसं धजावलं?"

मी विचारलं, "कसली दोन वर्षं?"

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. चिलीच्या पार खालच्या टोकाला डोंगरवाटाड्यांची शाळा आहे. तिथे शिकायचं, तिथल्याच धर्मशाळेत काम करायचं. नुबेला तिथे घेतलंय. जानेवारीत निघायचंय. हीच आपली डोंगररांग, पण शेपटाकडची, जिथे उन्हाळ्यातही वारा माणसाला आडवा करतो.

आता तुला तो वाकडा रस्ता कळला का? मला कळला. फोन ठेवला आणि नकाशासमोर जाऊन उभी राहिले. सुंबाहुआला धर्मआई. पियारोला आजीचं थडगं. चिंबोरासोच्या अंगाला तू. शेवटी मी. कोतोपाक्सीच्या वाटेवर आपलं कुणी राहत नाही, म्हणून कोतोपाक्सी नाही. परदेश्यांच्या पैशावर पोरगी सगळ्यांचे आशीर्वाद गोळा करत फिरणार आहे. सहल म्हणे! ही निरोपाची फेरी आहे, मेसियास, आणि तिची आखणी करायला मीच बटाटे सोलत शेजारी बसले होते.

मी तिला काही बोलले नाही. काल रात्री ती पाहणी करून आली, मी पाय शेकायला गरम पाणी दिलं, तिने तळ्याच्या गमती सांगितल्या, मी ऐकल्या. भांडले तर ती ऐकून घेईल आणि तरी जाईल. पण डोक्यावर वडिलांचा हात पडल्याशिवाय ती जाणार नाही. ती या गोष्टीला हसत नाही. फाउस्तो हसला होता. फाउस्तो तुझ्या हाताशिवाय गेला, उत्तरेकडच्या सीमेजवळून त्याचा एक फोन आला आणि मग काहीच आलं नाही. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती, पण तिने सगळं पाहिलंय. तुझा हात तेव्हा खिशातून निघाला नाही हे पाहिलंय, आणि मी तुला नंतर काय काय बोलले तेही ऐकलंय.

मी ते बोललेलं मागे घेत नाही. तुझ्या नकाराने मुलगा गेला असं मी म्हटलं, तू खेचर घेऊन घरातून निघालास, मी थांबवलं नाही. ते झालं ते झालं.

आता मी तुझ्याकडे एकच मागते. सहल घेऊन ती तुझ्या दारी येईल. समोर गुडघे टेकील. तू हात ठेवू नकोस. तुला ते जमतं. वर डोंगरावर निघून जा, आजारी पड, काहीही कर. तुझा हात पडला नाही तर ती राहील. एक गेला, मेसियास. दुसरी मी देणार नाही.

सोईला


१४ डिसेंबर

मेसियास,

तुझं काहीच उत्तर नाही. अमाब्ले म्हणतो, पत्र तुझ्या हातात दिलं, तू वाचलंस, घडी घातलीस आणि त्याला प्यायला गरम दूध दिलंस. मी विचारलं, "चेहरा कसा होता?" तो म्हणाला, "टोपी होती."

आज ते सगळे तुझ्याकडे पोचले असतील. मांस न खाणारीला चीज घातलेले बटाट्याचे वडे चालतात. उंचीवर डोकं दुखणाऱ्याला रात्री वर झोपवू नकोस, खाली आण. इथे माईने, म्हणजे आपल्या तुंगुराहुआ डोंगराने, सकाळपासून तोंड ढगात घातलंय. नुबे परदेश्यांना ती गोष्ट सांगते ना, की चिंबोरासोबाबा आणि तुंगुराहुआमाई नवराबायको आहेत, तो पांढरं डोकं करून तिकडे गप्प बसतो आणि ही इकडे आग ओकते. मागच्या एका गटाला सांगताना म्हणाली, "माझ्या घरीही असंच आहे." सगळे हसले. मीही हसले होते, चहा देत होते म्हणून.

दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. खेचराच्या खुरात काटा गेला होता, तो काढण्यात अख्खी सकाळ गेली. मी जे लिहिलं ते बरोबर लिहिलं. तरी सारखं वाटतंय की ती तुझ्या अंगणात त्या वाऱ्यात गुडघ्यावर बसली आहे आणि दार बंद आहे. ती किती वेळ बसेल ते तुला माहीत आहे. माझीच पोर आहे, लवकर उठणार नाही.

अमाब्ले उद्याशिवाय येणार नाही. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं असेल. मग हे मी कशाला लिहितेय कुणास ठाऊक.

सोईला


२२ डिसेंबर

मेसियास,

माणूस आहेस की कोण आहेस?

मी तुला एकट्याला लिहिलं होतं. तू ते पत्र चुलीशी बसून तिला वाचून दाखवलंस! तुझं ते अडखळत वाचणं. नुबे म्हणते, "दुसरी मी देणार नाही" या ओळीवर तू दोनदा थांबलास आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलंस. मग म्हणालास, "ही तुझ्या आईची इच्छा." आणि टोपी काढून तिच्या डोक्यावर हात ठेवलास. म्हणालास, "आणि हा माझा हात."

तिने पुढचंही सांगितलं. मला ऐकायचं नव्हतं तरी सांगितलं. तिने तुला विचारलं, "फाउस्तोला का नाही दिलात?" तू म्हणालास, "मला वाटलं, हात नाही दिला तर तो थांबेल. तो थांबला नाही. नुसता हाताशिवाय गेला. आता जो जाईल तो माझा हात घेऊन जाईल." एवढी वाक्यं तू एका दमात बोललास? माझ्यासमोर तर वर्षात एवढं बोलला नाहीस.

सहल छान झाली, ते ऐक. एकजणही आजारी पडला नाही. सगळे बर्फाच्या कडेपर्यंत गेले आणि तुझ्याबरोबर फोटो काढून आले. तू सगळ्या फोटोंत वाकडा उभा आहेस. बान्योसला त्यांनी मिठाईच्या दुकानांच्या दारात लोंबकळणारी गुळाची तार ओढून पाहिली, हात चिकट करून घेतले. सैतानाच्या कढईखालून रांगून ओलेचिंब बाहेर आले आणि नुबेला मिठ्या मारल्या. किटोची बाई म्हणते, फेब्रुवारीत आणखी दोन गट देते. मला जे हवं होतं ते सगळं झालंय, आणि पोरगी चाललीय.

परदेशी गेल्यापासून आम्ही दोघी बोलत नाही. म्हणजे, मीठ दे, चारा टाक, एवढंच बोलतो. काल तिने भांडी घासता घासता पाठमोरीच विचारलं, "आई, तू मला बाबांकडे का नाही पाठवलंस गेली सहा वर्षं?" मी म्हटलं, "तूही गेली नाहीस." ती म्हणाली, "मी तुला एकटं सोडून कशी जाणार होते?" मग दोघींनी उरलेली भांडी घासली.

मला तुझा फार राग आलाय. रागावण्याइतकी ताकद मात्र आता राहिली नाही.

सोईला


१२ जानेवारी

मेसियास,

आज सकाळी ती गेली.

काल रात्री तिने पिशवी भरली तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. पहाटे उठून पीठ मळायला बसले. कुणासाठी एवढ्या पावाचं पीठ भिजवलं, मलाच माहीत नाही. ती आवरून आली, पाठीवर पिशवी, डोळे सुजलेले.

म्हणाली, "आई, मी निघते."

"जा. शिदोरी टेबलावर आहे."

ती गेली नाही. माझ्यासमोर मातीवर गुडघे टेकून बसली. मी म्हटलं, "तुला दिलाय ना मी. नोव्हेंबरात दिला."

"तो चालत नाही. तू डावाने दिलास. कशासाठी देतेस ते तुला माहीत नव्हतं."

"तुला माहीत होतं. तू फसवून घेतलास."

"हो," ती म्हणाली, "म्हणून तर पुन्हा मागतेय. पाहणीला गेले त्या रात्री पिएदादमामीच्या घरी झोपच आली नाही मला. वाटलं, चोरून घेतलेलं घेऊन कुठे जाऊ? आई, नाही दिलास तरी मी भांडणार नाही. शाळेला कळवीन आणि राहीन. मनापासून राहीन असं मात्र म्हणत नाही."

मेसियास, तिने दार माझ्या हातात दिलं होतं. मला जे हवं होतं ते सगळं त्या दोन वाक्यांत होतं. नाही म्हणायचं आणि पीठ मळत राहायचं, एवढंच. पोरगी घरात राहिली असती, फेब्रुवारीत दोन गट आले असते, संध्याकाळी टेबलावर नकाशा असता. आणि मी तिच्याकडे पाहिलं तर ती खाली बघत होती, मार खायला बसल्यासारखी. फाउस्तो निघाला तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास. तेव्हा मी तुझा चेहरा पाहिला नव्हता. आज मला कळलं तो कसा असेल, कारण माझाही तसाच झाला होता. किती भ्यायला होतास तू. आणि मी तुला दगड म्हटलं.

मी म्हटलं, "हात पिठाचे आहेत."

ती म्हणाली, "असू देत."

मग मी ठेवले. एक नाही, दोन्ही ठेवले. म्हटलं, "जा. वाऱ्यात कान झाकत जा. उपाशी झोपू नकोस. ज्याच्या दोरावर भरवसा नाही त्याच्यामागे चढू नकोस. आणि पोचलीस की फोन कर, काहीही झालं तरी फोन कर, नुबे, एवढं मात्र कर." आशीर्वादात असं काही म्हणायचं नसतं, मला माहीत आहे. पण तोंडी तेच आलं. मग कपाळावर क्रूस काढला आणि रडले. तीही रडली. बसवाल्याने खालून दोनदा भोंगा वाजवला आणि शिव्या दिल्या.

ती उतारावरून पळत गेली. केसांत माझ्या हातांचं पीठ तसंच होतं, तिने झाडलं नाही. बस वळेपर्यंत मी उभी होते.

मग आत येऊन सगळे पाव भाजले. आता टेबलावर ढीग पडलाय आणि घरात मी आहे, दोन खेचरं आहेत. फेब्रुवारीच्या गटांना काय सांगायचं, वाट कोण दाखवणार, मला काही सुचत नाही. ते नंतर बघू.

अमाब्ले उद्या हे पत्र घेऊन वर येईल आणि परवा तुझ्याकडून खाली येईल. त्याच्या गाडीत पुढे जागा असते. या घरात आता माझ्याकडे आशीर्वाद मागायला कुणी उरलं नाही, मेसियास, आणि तुझ्याकडेही नाही. तू ये. गुडघे टेकायला नको, दुखतात तुझे. काही बोलायलाही नको. नुसता ये.

सोईला